नामा म्हणे, पण कोणता नामा?

नाशिकच्या जुन्या माणसांपुढे ‘गोविंद’ हे नाव काढले, की त्यांना कवी गोविंद आठवतात. गोविंद त्र्यंबक दरेकर. जन्म १८७४, मृत्यू १९२६. ‘अभिनव भारत’च्या काळातले स्वातंत्र्यशाहीर. त्यांच्या कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना १९०९ साली काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आता याच शहरात वाढलेल्या एखाद्या मुलाने ‘गोविंदाग्रज’ हे नाव पहिल्यांदा ऐकले, तर तो काय समजेल? अग्रज म्हणजे थोरला भाऊ. तेव्हा हे कवी गोविंदांचे थोरले बंधू असणार! प्रत्यक्षात गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. ते जन्मले १८८५ साली, म्हणजे कवी गोविंदांपेक्षा अकरा वर्षांनी धाकटे. त्यांच्या टोपणनावातला गोविंद हा त्यांचा स्वतःचा धाकटा भाऊ. मुलाचे व्याकरण बरोबर होते, समासाचा विग्रहही बरोबर होता. फक्त नाव ज्या घरात ठेवले गेले, ते घर सोडून त्याने ते आपल्या गल्लीत शोधले.

नावाची ही गंमत थोडी बाजूला ठेवू आणि संगणकाकडे जाऊ. मी पदवीपर्यंत मराठी साहित्य शिकलेला माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टंकित करण्यापुरता. पण माझा भाचा त्याच क्षेत्रात आहे. एकदा जेवताना तो म्हणाला, “मामू, आमच्याकडेही तुमच्या गोविंदाग्रजांसारखा घोटाळा होतो. त्यावर माणसांनी वीस-पंचवीस वर्षे डोके खाजवले आहे.” मग त्याने जे सांगितले ते मला इतके ओळखीचे वाटले, की मी त्याचा इतिहास मुळापासून वाचून काढला.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ नावाची संगणकाची भाषा आखायला घेतली. तिच्यावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९६० सालचा. या भाषेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात माहिती याद्यांच्या रूपाने लिहितात आणि संगणकाला द्यायच्या आज्ञाही याद्यांच्याच रूपाने लिहितात. त्यामुळे एक आज्ञा दुसऱ्या आज्ञेला उचलू शकते, कापू शकते, जोडू शकते. थोडक्यात, आज्ञा लिहिणारी आज्ञा तयार करता येते. १९६३ साली टिमथी हार्ट यांनी याच भाषेसाठी अशा आज्ञांची सोय सुचवली. त्यांना ‘मॅक्रो’ म्हणतात.

मॅक्रो म्हणजे काय ते कळायला कोर्टाच्या आवारात टंकलेखन यंत्र घेऊन बसणारा माणूस आठवावा. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याच्याकडे तयार असतो. मधे मोकळ्या जागा असतात. तुम्ही नाव, गाव, वय सांगायचे, तो त्या जागा भरतो आणि कागद तुमच्या हाती देतो. मॅक्रो हा असाच मसुदा आहे. आता अडचण कुठे येते ते पाहू.

समजा, दोन पाट्यांवरच्या आकड्यांची अदलाबदल करायची आहे. त्यासाठी तिसरी एक छोटी पाटी लागते, नाहीतर पहिला आकडा पुसला जाईल. म्हणून मसुद्यात लिहिले आहे: ‘एक छोटी पाटी घ्या, तिला “तात्पुरती” म्हणा. पहिल्या पाटीवरचा आकडा तात्पुरतीवर उतरवा. दुसऱ्या पाटीवरचा आकडा पहिलीवर उतरवा. तात्पुरतीवरचा आकडा दुसरीवर उतरवा. छोटी पाटी पुसून टाका.’ पहिली आणि दुसरी या मोकळ्या जागा. तिथे वापरणाऱ्याने आपापल्या पाट्यांची नावे भरायची. हा मसुदा वर्षभर बिनतक्रार चालतो. मग एके दिवशी असा माणूस येतो, की त्याच्या दुसऱ्या पाटीचेच नाव ‘तात्पुरती’ आहे. त्याच्या पहिल्या पाटीवर ५ आहे आणि ‘तात्पुरती’वर ९. मसुदा भरला जातो. छोट्या पाटीवर ५ उतरतो. मग ‘तात्पुरतीवरचा आकडा पहिलीवर उतरवा’ अशी आज्ञा येते. पण आता ‘तात्पुरती’ म्हटले, की यंत्राला आधी ती जवळची छोटी पाटीच दिसते. तिच्यावर ५ आहे, म्हणून पहिलीवर पुन्हा ५. त्या माणसाच्या खऱ्या पाटीवरच्या ९ ला कुणी हातही लावत नाही. शेवटी छोटी पाटी पुसली जाते आणि सगळे जसेच्या तसे. अदलाबदल झालीच नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की यंत्र कुरकुर करत नाही. चूक झाल्याचा इशारा नाही, लाल दिवा नाही. मसुदा लिहिणारा निर्दोष, वापरणाराही निर्दोष. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही आणि दोघांनी योगायोगाने एकच नाव निवडले. जवळच्या नावाने लांबच्या नावाला धरून ठेवले. या क्षेत्रातले लोक याला नाव ‘पकडले जाणे’ म्हणतात.

याची दुसरीही एक तऱ्हा आहे. तुमच्या मसुद्यात ‘इथे पाऊस नाही’ असे वाक्य आहे. लिहिताना ‘इथे’ म्हणजे सिन्नर. तोच कागद इगतपुरीला कुणी वाचला, तर ‘इथे’ म्हणजे इगतपुरी. वाक्यातले एक अक्षरही बदललेले नाही, तरी ते खोटे झाले. मसुद्यातली नावे लिहिणाऱ्याच्या गावची असतात आणि मसुदा उलगडतो तो वाचणाऱ्याच्या गावात.

हे समजल्यावर मला पहिली आठवण झाली ती आपल्या अभंगांची. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव येते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’. याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना येण्याआधी अभंग राहत असे तो माणसांच्या तोंडात आणि हाताने लिहिलेल्या वह्यांत. आपण त्यांना बाडे म्हणतो. एका गावच्या कीर्तनकाराने दुसऱ्या गावी अभंग ऐकला आणि आपल्या बाडात उतरवला. त्याच्या शिष्याने त्यावरून आणखी एक बाड केले. अभंग जागा बदलत राहिला. त्याच्यासोबत सगळीकडे फिरला तो एकच ओळखपत्र घेऊन, शेवटच्या ओळीतले दोन अक्षरी नाव.

आता ‘नामा’ घ्या. संत नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा मानला जातो. त्यांची पदे पंजाबपर्यंत गेली आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांतली ६१ पदे आहेत. पण त्यांच्यानंतर ‘नामा’ नावाचे इतरही कवी झाले. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा तर मोठा कवी, मराठीत ओवीबद्ध महाभारत रचणारा. नामा पाठक हा आणखी एक. या सगळ्यांचे अभंग बाडांमधून शेजारी शेजारी बसले. लिहिणाऱ्याला ‘नामा’ म्हटल्यावर कोणता नामा आठवणार? ज्याची कीर्ती मोठी, जो त्याच्या मनाला जवळचा, तो. धाकट्या नामांची कविता अशी थोरल्या नामदेवांच्या गाथेत जमा होत गेली. ‘विष्णुदास’ या विशेषणाचाही उपयोग होत नाही, कारण विष्णूचा दास तर प्रत्येक वारकरी स्वतःला म्हणवून घेतो. महाराष्ट्र शासनाने १९७० साली नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली, तेव्हाही यातले मूळ किती आणि नंतरचे किती, हा प्रश्न अभ्यासकांपुढे होता. तो अजून पुरता सुटलेला नाही.

इथेही यंत्रासारखेच झाले. कुरकुर झाली नाही. एखादा अभंग चुकीच्या माणसाच्या नावावर गेला, म्हणून त्याची चाल बिघडत नाही, टाळ थांबत नाही. पाचशे वर्षे तो गोड लागतो. हरवतो तो फक्त एक माणूस.

याच्या उलटही घडते. कधी एकाच माणसाचे दोन केले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रात शिवराम एकनाथ भारदे यांनी असे मांडले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे आळंदीचे ज्ञानदेव वेगळे. त्यांचे मुद्दे अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा महिमा नाही, अभंगांत तो भरभरून आहे. भाषा वेगळी वाटते. मुद्राही वेगळी. ज्ञानेश्वरीत कवी स्वतःला निवृत्तीचा ज्ञानदेव म्हणवतो आणि अभंगांत ठिकठिकाणी ‘बाप रखुमादेवीवरू’ ही मुद्रा येते, जिच्यात कवीचे नावच नाही. मोठा वाद झाला. बहुतेक अभ्यासकांनी शेवटी दोन ज्ञानेश्वर मानले नाहीत. पण मला या प्रकरणातली एक गोष्ट फार मौजेची वाटते. एका नावामागे दोन माणसे आहेत असे सांगणाऱ्या भारदे यांनी ते लेख स्वतःच्या नावाने लिहिले नव्हते. त्यांनी घेतलेले टोपणनाव होते ‘भारद्वाज’.

आणि हे सगळे जुन्या काळचे, असे समजू नका. आज कुणालाही ‘बहिणाबाई’ म्हणून पाहा. तो जळगावचे नाव घेईल, खानदेशी बोलीतली गाणी गुणगुणेल. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. सगळे योग्यच झाले. पण त्यांच्याआधी सुमारे अडीचशे वर्षे वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या बहिणाबाई होत्या. तुकारामांच्या शिष्या. त्यांनी आपले आत्मचरित्र अभंगांतून सांगितले. सतराव्या शतकातल्या एका बाईने स्वतःच्या संसाराबद्दल, नवऱ्याच्या रागाबद्दल स्वतः बोलणे ही केवढी मोठी गोष्ट! आज त्यांची ओळख करून देताना आधी सांगावे लागते, की त्या ह्या नव्हेत. जवळच्या नावाने लांबच्या नावाला झाकले. यात कुणाचा दोष काढणार?

मग यावर उपाय काय? माणसांनी तीन उपाय केलेले दिसतात. संगणकवाल्यांनी तेच तीन नव्याने शोधले.

पहिला उपाय म्हणजे असे नाव घ्यायचे, की ते दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही. लिस्पमध्ये यासाठी ‘जेनसिम’ नावाची सोय आहे. मसुद्यातल्या छोट्या पाटीला माणसाने ‘तात्पुरती’ म्हणायचे नाही. नाव यंत्राकडून मागून घ्यायचे. यंत्र ‘जी ४०१२’ असले काहीतरी देते आणि ते आजवर कुणाला दिलेले नाही, पुढेही मिळणार नाही, अशी व्यवस्था करते. योगायोगाने कुणी तीच अक्षरे लिहिली, तरी यंत्राच्या लेखी ते नाव निराळेच राहते.

हा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीने व्याकरण रचले, तेव्हा त्याला नियमांसाठी पारिभाषिक नावे हवी होती. ‘गुण’, ‘वृद्धी’ असे रोजच्या वापरातले शब्द त्याने घेतले खरे, पण त्याबरोबर ‘टि’, ‘घु’, ‘घ’, ‘भ’ अशीही नावे केली. बाजारात ‘घु’चा अर्थ काहीच नाही. म्हणूनच नियमात ‘घु’ दिसला, की वाचणारा फसत नाही. जिथे त्याने रोजचा शब्द पारिभाषिक केला, तिथे मात्र पुढे शतकानुशतके चर्चा झाली: या नियमात तो शब्द शास्त्रातल्या अर्थाने घ्यायचा, की लोकांच्या बोलण्यातल्या? या चर्चेला शिस्त लावणारा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ काशीच्या नागेशभट्टांचा. हे नागेशभट्ट मूळचे आपल्याकडचेच, काळे आडनावाचे महाराष्ट्रीय. आणि एकोणिसाव्या शतकात तो ग्रंथ संपादून इंग्रजीत नेला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने. नाव आणि जागा यांचा हिशेब या मातीत पूर्वीपासून चाललेला आहे.

मराठी कवींची टोपणनावे हा याच उपायाचा प्रकार. कृष्णाजी दामले असंख्य असतील, ‘केशवसुत’ एक. नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. विष्णु वामन शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले आणि ते एवढे मोठे झाले, की आता त्यांच्या वाढदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. पण या उपायाला मर्यादा आहे. यंत्राचे ‘जी ४०१२’ माणसाच्या लक्षात राहत नाही. आणि माणसाच्या लक्षात राहील असे नाव घेतले, की दुसऱ्यालाही ते सुचू शकते.

दुसरा उपाय नात्याचा. एकट्याने नाव सांगायचे नाही, कुणाचा कोण ते सांगायचे. एकनाथांनी ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घेतली. स्वतःचे नाव आणि गुरूचे नाव एका श्वासात. जगात ‘एका’ पुष्कळ असतील, जनार्दनस्वामींचा एका कोणता हे विचारावे लागत नाही. तुकारामांचे धाकटे बंधू कान्होबा ‘तुकयाबंधु’ म्हणून सही करतात. जनाबाई ‘नामयाची दासी जनी’ म्हणतात. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे, तर ज्ञानदेव स्वतःला ज्या निवृत्तींचा म्हणवतात, त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरला, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. एका अर्थाने ज्ञानेश्वरीच्या सहीचा अर्धा भाग नाशिक जिल्ह्यात आहे. लिस्पच्या पुढच्या पिढ्यांनीही हे केले. नावाआधी घराण्याचे नाव लावायचे, म्हणजे या घरातली ‘तात्पुरती’ वेगळी आणि त्या घरातली वेगळी.

पण नात्याच्या नावातही एक धोका असतो. ‘नामयाची जनी’ म्हटल्यावर जनी ओळखू येते, आणि नामयाच्या सावलीतही जाते. जनाबाईंचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या नामदेवांच्या गाथेच्या पोटात राहूनच आपल्यापर्यंत आले. तिथे ते वाचले, हे खरे. तिची स्वतःची वेगळी गाथा करावी असे फार उशिरा सुचले, हेही खरे.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८६ साली अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातले युजीन कोलबेकर, डॅनियल फ्रीडमन, मॅथियस फेलाइझन आणि ब्रूस ड्यूबा या चौघांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे, की विचित्र नावे घेण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर का टाकता? माणूस विसरणारच. त्याऐवजी यंत्रानेच प्रत्येक नावावर, ते मुळात कुठे लिहिले गेले, याची खूण ठेवावी. मसुद्यातून आलेली ‘तात्पुरती’ आणि वापरणाऱ्याने भरलेली ‘तात्पुरती’ दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्यावरच्या खुणा निराळ्या असतील आणि यंत्र त्यांची गल्लत करणार नाही. या पद्धतीला त्यांनी ‘आरोग्यदायी’, ‘स्वच्छ’ अशा अर्थाचे विशेषण दिले. एमआयटीमध्येच १९७५ साली लिस्पपासून जन्मलेल्या ‘स्कीम’ या भाषेने ती पद्धत आपलीशी केली. १९९१ च्या अहवालात ती परिशिष्टात होती, १९९८ साली ती मुख्य नियमांत आली.

आपल्याकडे ही स्वच्छता कुणी केली? एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी घुसवलेले पाठ त्यांनी पारखले, आणि यापुढे यात कुणी आपली ओवी मिसळू नये अशी कळकळीची विनंतीही करून ठेवली. पुढे १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांची गाथा दोन खंडांत निघाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती संपादली. त्यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखितांचा आधार घेतला आणि कोणता पाठ कोणत्या गावच्या प्रतीतला, याची नोंद ठेवली. अभंगावर गावाची खूण. इंडियानातल्या चौघांनी पुढे यंत्राला शिकवले ते हेच.

यावर कुणी म्हणेल, इतका काटेकोरपणा भक्तीला मारक आहे. म्हणणाऱ्याला सहज धुडकावता येणार नाही. आपले अभंग दुसऱ्याने स्वतःच्या नावावर खपवल्याची कथा तुकारामांच्या बाबतीत सांगितली जाते. तो सालोमालो. त्याने मुद्रा बदलली. ती सरळ सरळ चोरी. पण ज्या अनामिकाने आपली कविता रचून शेवटी ‘नामा म्हणे’ लिहिले, तो चोर कसा? त्याने तर स्वतःचे असलेले देऊन टाकले. आपण फक्त पात्र, बोलणारा नामाच, अशी त्याची श्रद्धा असेल. लिस्पमध्येही असा पंथ आहे. ते म्हणतात, काही वेळा नाव पकडले जावे म्हणूनच आम्ही मसुदा लिहितो. बोलताना आपण ‘ते’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला नेमके कळते, तशी सोय मसुद्यात मुद्दाम ठेवतात. अमेरिकी लेखक पॉल ग्रॅहम यांनी नव्वदच्या दशकात अशा मसुद्यांची बाजू हिरिरीने मांडली. लिस्पच्या एका मोठ्या शाखेने हे स्वातंत्र्य राखले, स्कीमने बंधन पसंत केले. तो वाद आजही मिटलेला नाही.

माझे मत विचाराल, तर फरक एवढाच: नाव देणाऱ्याने ते स्वतः दिले, की त्याच्या नकळत ते गेले? अनामिकाने दिले. सालोमालोने घेतले. आणि विष्णुदास नामाचे गेले. या तिसऱ्या प्रकाराला कुणी अपराधी नसतो, म्हणूनच त्याची कुणी दाद मागत नाही.

मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून या तिसऱ्या प्रकाराची मला थोडी ओळख आहे. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने माझी कविता छापली. अक्षर न् अक्षर बरोबर होते. फक्त खाली कंसात छापले होते, ‘मूळ उर्दूवरून’. कुणाचा वाईट हेतू नव्हता. नाव वाचल्याबरोबर जुळवणाऱ्याच्या मनात त्याच्या ओळखीचा अर्थ आधी आला, इतकेच. माझी कविता गोदाकाठच्या मराठीत सुचली आणि त्या दोन शब्दांनी ती दुसऱ्या भाषेच्या घरी नेऊन बसवली. उर्दू माझ्या घरातलीच भाषा, तिच्याबद्दल मला प्रेमच आहे. पण त्या कवितेचे घर ते नव्हते.

हेही नवे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ पुरा केला. ओवीबद्ध मराठी ग्रंथ. श्रीगोंदे आज अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. आपला जन्म कुठला आणि आपल्या हृदयात कोण, याचा खुलासा त्यांना स्वतःच्या कवितेत करावा लागला. लोकांनी मात्र त्यांना सुंदर जागा दिली. ‘ज्ञानाचा एका, नामाचा तुका आणि कबिराचा शेका’ ही म्हण आपण ऐकली असेल. एकनाथ हे ज्ञानदेवांचा अवतार, तुकाराम नामदेवांचा आणि शेख महंमद कबिराचा. तीन जोड्या, सहा माणसे. तरीही वाङ्मयाच्या इतिहासात अशा कवींना एकत्र आणून त्यांची खूण ठेवायला १९६७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक आले. ढेरे यांनी कुणाला मोठे केले नाही, कुणाला आपल्यात ओढले नाही. कोणते पान कुठे सापडले, कोणत्या नावामागे कोणता माणूस, ते शोधून लिहून ठेवले. माझ्यासारख्याला आपले पूर्वज त्या पुस्तकात भेटले.

आज बाड प्रत्येकाच्या खिशात आहे. सकाळी मोबाइल उघडला, की कुसुमाग्रजांच्या नावाची एखादी कविता येते, पु. लं.च्या नावाचे वाक्य येते. त्यातले कितीतरी त्यांचे नसते. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी कुणा शिक्षिकेने, कुणा कारकुनाने ते लिहिलेले असते. चार हातांनंतर त्याचे नाव गळते आणि दहाव्या हाताला मोठे नाव चिकटते. पूर्वी याला शंभर वर्षे लागत, आता एक दुपार पुरते. आणि यंत्राने ठेवायची ती खूण इथे ठेवायला कुणी यंत्र नाही. आपणच आहोत.

तेव्हा एवढेच करावे. कविता पुढे पाठवताना ती कुठून मिळाली, ते एका ओळीत लिहावे. कवीचे नाव माहीत असेल, तर गावासकट लिहावे. माहीत नसेल, तर ‘कवी माहीत नाही’ असे लिहायला लाजू नये. ती तीन अक्षरी सहीइतकीच प्रामाणिक नोंद आहे. पुढे कधी कुणी शोधायला निघाला, तर त्याला निदान मोकळी जागा सापडेल. मोकळ्या जागेत खरे नाव भरता येते. तिथे आधीच दुसरे मोठे नाव बसलेले असेल, तर शोधायला कुणी निघतच नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)